पाणी शुद्ध झाले, विष कुठे गेले?

‘शुद्धी’ हा आपल्या समाजाचा फार आवडता शब्द आहे. गंगाजलाचे चार थेंब शिंपडले की घर शुद्ध होते, प्रायश्चित्त घेतले की माणूस शुद्ध होतो, आणि आता गावाबाहेर सिमेंटच्या चार टाक्या बांधल्या की साऱ्या शहराचे सांडपाणी शुद्ध होते. पहिल्या दोन शुद्धींविषयी ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे बोलावे, माझे काही म्हणणे नाही. तिसरीचा मात्र हिशेब मागता येतो. तो कोणी मागत नाही, म्हणून मी मागतो आहे.

हिशेब साधा आहे. घराघरांतले न्हाणीचे, मोरीचे, संडासाचे पाणी गटारात जाते. प्रक्रिया केंद्रात त्यातला जड भाग तळाशी बसतो. उरलेली घाण जिवाणूंना खाऊ घालतात, ते वाढतात आणि त्यांचेही थर तळाशी बसतात. वरचे नितळ पाणी नदीत सोडतात आणि उद्घाटनाच्या फोटोत तेच दिसते. तळाशी जे उरते तो गाळ. पाणी जितके अधिक स्वच्छ करावे, तितका गाळ अधिक. मळ नाहीसा होत नसतो, तो फक्त बिऱ्हाड बदलतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या शहरांत रोज सुमारे ७,२३६ कोटी लिटर सांडपाणी तयार होत होते आणि त्यातल्या जेमतेम २,०२३ कोटी लिटरवर प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. म्हणजे प्रक्रिया केंद्रे वाढायला अजून पुष्कळ वाव आहे. ती वाढलीच पाहिजेत. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या काठाने ज्याची शेती आहे, त्याला कच्चे सांडपाणी शिवारात शिरले म्हणजे काय होते हे कोणी पुस्तकातून शिकवायला नको. पण केंद्रे वाढली की गाळाचे डोंगर वाढणार. मग हा गाळ जाणार कुठे, या प्रश्नाचे सर्वांत स्वस्त उत्तर ठरलेले आहे: शेतात. आपल्या देशात ठिकठिकाणी तो वाळवून शेतकऱ्याला विकला जातो किंवा फुकट दिला जातो.

यावर कोणी म्हणेल, यात वावगे काय? आपल्याकडे सोनखत हा शब्दच आहे. मैल्याचे खत करून ते पिकाला घालणे ही आपली जुनी विद्या. खरे आहे. तो शब्द उच्चारताना ते ‘सोने’ पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या डोक्यावरून वाहिले गेले हेही आठवावे, एवढेच मी म्हणेन. पण खताची विद्या म्हणून सोनखत उत्तम होते, यात शंका नाही.

त्या विद्येला शास्त्राची शिस्त लावली गेली ती आपल्या इंदुरात. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचे १९२४ ते १९३१ या काळात संचालक असलेले अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड या दोघांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते वेळोवेळी परतून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची पद्धत बसवली. १९३१ साली दोघांच्या नावाने त्यावरचे पुस्तक निघाले. जगभरचे सेंद्रिय शेतीवाले आजही ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखतात. यशवंत वाडांचे नाव इंदूरकर मराठी घरांतही आता क्वचितच निघते, तो भाग निराळा.

हॉवर्ड-वाडांचा सिद्धांत थोडक्यात असा, की मातीतून जे आले ते मातीला परत करा. गाळ शेतात टाकणारे आज याच सिद्धांताची साक्ष काढतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे. सिद्धांत ‘मातीतून जे आले ते’ असा आहे. १९३१ साली माणसाच्या मोरीतून जे वाहत होते ते जवळजवळ सारे मातीतून आलेलेच होते: अन्न, शेण, राख, शिकेकाई, रिठा. आज आपल्या मोरीतून डिटर्जंट, शांपू, जंतुनाशक साबण, उरलेली औषधे, संततिनियमनाच्या गोळ्यांचे अंश, प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट्स, आणि दुकानातल्या गुळगुळीत पावत्यांच्या कागदावरचे बिस्फेनॉलसुद्धा वाहते. यातले काहीही मातीतून आलेले नाही. जे मातीचे नव्हतेच ते मातीला ‘परत’ कसे करणार? दुसऱ्याचे गाठोडे शेतकऱ्याच्या ओसरीवर टाकून ‘तुमचेच तुम्हाला परत केले’ म्हणण्यातला हा प्रकार आहे.

आता हे गाठोडे सोडून पाहू.

नोनिलफेनॉल नावाचे एक रसायन आहे. त्याच्यापासून तयार केलेला एक साबणी पदार्थ, नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट, डिटर्जंटांत आणि कापडगिरण्यांच्या धुलाईत वर्षानुवर्षे वापरात आहे. हा पदार्थ प्रक्रिया केंद्रात पोहोचला की जिवाणू त्याची लांब शेपटी कुरतडून खातात, पण डोके त्यांना पचत नाही. ते डोके म्हणजे नोनिलफेनॉल. ते पाण्यात राहायला नाखूश आणि चरबीला, चिकटपणाला धार्जिणे; म्हणून ते गाळात जाऊन बसते. स्वित्झर्लंडच्या वाल्टर गीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली तिथल्या केंद्रांतला, हवा न लागू देता कुजवलेला गाळ तपासला. एक किलो सुक्या गाळात अर्ध्या ग्रॅमपासून अडीच ग्रॅमपर्यंत नोनिलफेनॉल निघाले. गंमत पाहा, मूळ साबणापेक्षा हा उरलेला भाग अधिक चिवट आणि अधिक घातक. म्हणजे शुद्धीकरणाच्या प्रक्रियेतच तो तयार झाला आणि शुद्ध पाण्यातून बाजूला काढून गाळात साठवला गेला.

तो घातक कसा, हे कळले ते अगदी अनपेक्षितपणे. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोतो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशी इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्रीसंप्रेरक, मिळाले तरच भराभर वाढतात. पण प्रयोगशाळेत इस्ट्रोजेन न घालताच त्या वाढू लागल्या. शोध घेता घेता दोष सापडला तो प्लॅस्टिकच्या नळ्यांत. नळ्यांच्या प्लॅस्टिकमधून नोनिलफेनॉल झिरपत होते आणि पेशी त्यालाच इस्ट्रोजेन समजत होत्या. हे संशोधन १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी थिओ कोलबोर्न यांच्या पुढाकाराने अमेरिकेत विंगस्प्रेड येथे शास्त्रज्ञ जमले आणि शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांचा प्रश्न जगापुढे मांडला गेला.

संप्रेरके म्हणजे हॉर्मोन्स. शरीरातल्या ग्रंथी रक्तातून एकमेकींना आणि साऱ्या अवयवांना ज्या चिठ्ठ्या पाठवतात त्या या. मूल पोटात वाढताना मुलगा व्हायचे की मुलगी, मेंदू किती वेगाने घडायचा, वयात केव्हा यायचे, हे सारे या चिठ्ठ्यांवर चालते. आणि चिठ्ठ्या अतिसूक्ष्म असतात. रक्तातले इस्ट्रोजेन पिकोग्रामांत मोजतात. पिकोग्राम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. जिथे शरीराचा कारभारच इतक्या बारीक मापाने चालतो, तिथे कोणी खोटी चिठ्ठी लिहिली तर तीही बारीक अक्षरात पुरेशी होते.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवलेली तळी आहेत. कॅरन किड यांच्या गटाने त्यांपैकी एका तळ्यात २००१ पासून सलग तीन उन्हाळे संततिनियमनाच्या गोळीतले कृत्रिम इस्ट्रोजेन मिसळले. प्रमाण होते लिटरमागे पाच-सहा नॅनोग्राम, म्हणजे साधारण २० कोटी लिटर पाण्याला एक ग्रॅम. तेवढ्याने नर माशांच्या वृषणांत अंडी तयार होऊ लागली आणि एका जातीचे लहान मासे त्या तळ्यातून जवळजवळ संपले. इंग्लंडमध्ये तर असा प्रयोग मुद्दाम करावाही लागला नाही. ब्रूनेल विद्यापीठाच्या सूझन जॉब्लिंग, जॉन समटर आदींनी १९९८ मध्ये दाखवले, की प्रक्रिया केंद्रांच्या खालच्या अंगाला नद्यांतले कितीतरी नर मासे अर्धे मादी झालेले आहेत. आणि हे ‘शुद्ध केलेल्या’ पाण्यात.

‘मासे राहू द्या, मास्तर, आम्ही काय तळ्यात राहतो?’ असे कोणी विचारील. बरे, मेंढ्यांकडे वळू. मेंढी तर आपल्यासारखीच पिलाला पोटात वाढवते. स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनच्या मॅकॉले संस्थेतल्या संशोधकांनी मेंढ्यांचे दोन कळप केले. एका कळपाच्या कुरणाला प्रक्रिया केलेला गाळ घातला, दुसऱ्याच्या कुरणाला रासायनिक खत. नत्राचे प्रमाण दोन्हीकडे सारखे. २००५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाळाच्या कुरणात चरलेल्या मेंढ्यांच्या पोटातल्या नर गर्भांची वृषणे लहान भरली, त्यांतल्या महत्त्वाच्या पेशी कमी निघाल्या आणि रक्तातले पुरुषसंप्रेरकही कमी निघाले. पुढे वाढलेल्या मेंढ्यांपैकी काही नरांच्या वीर्यनिर्मितीतही बिघाड दिसला. यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे: एकेक रसायन सुटे मोजले तर कोणतेही फार वाढलेले दिसत नव्हते. दोष एका चोराचा नव्हता. दहा-वीस भुरटे एकत्र जमले होते आणि प्रत्येकाच्या खिशात सापडत होते दोन-दोन आणे.

आपली तपासणीची पद्धत मात्र एकेक चोर निरनिराळा पकडण्याची, तीही ठराविक आठांचीच नावे घेऊन. २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत कंपोस्टची जी परिमाणे दिली, त्यांत आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, तांबे, शिसे, पारा, निकेल आणि जस्त यांच्या मर्यादा आहेत. संप्रेरकांची नक्कल करणाऱ्या एकाही रसायनाचा रकाना नाही. गाळाच्या खतालाही हाच गज लावण्याची आपल्याकडे रीत. रकानाच नाही म्हणून तपासणी नाही, तपासणी नाही म्हणून काही सापडत नाही, आणि काही सापडत नाही म्हणून गाळ ‘सुरक्षित’. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण सरकारी कागदांना जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कशालाच नाही.

बडोद्याच्या वाचकांना गाजरावाडीचे केंद्र ठाऊक असेल. १९९०च्या दशकाच्या आरंभापासून भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे गाळावर कोबाल्ट-६० चे गॅमा किरण सोडून तो निर्जंतुक करण्याचे काम दाखवून दिले. त्या यंत्रणेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की ‘श्री’ होते. हे काम चांगले आहे, मी त्याची थट्टा करणार नाही. कॉलऱ्याचे, आमांशाचे जंतू आणि जंतांची अंडी शेतात जाऊ नयेत, ही काळजी अत्यंत रास्त. अहमदाबादेत २०१९ पासून रोज १०० टन सुका गाळ हाताळू शकणारे असेच केंद्र झाले आणि इंदूर महापालिकेनेही हाच मार्ग पत्करला. पण ‘निर्जंतुक’ म्हणजे ‘निर्विष’ नव्हे, एवढे साधे मराठी आपल्याला कळायला हवे. ही मात्रा ठरवली आहे ती जंतू मारण्यासाठी. पारा, कॅडमियम किरणांनी नाहीसे होत नाहीत. आणि नोनिलफेनॉलचे वा थॅलेटचे काय होते, हे खत उचलणाऱ्याला कोणताही दाखला सांगत नाही. पोत्यावर अणुशास्त्राचे नाव आले की शेतकऱ्याला वाटते, आता यापुढे विचारायचे काय राहिले? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे इथे नकळत होऊन बसते.

आता समोरच्या पक्षाचे म्हणणे. ते मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे.

पहिले म्हणणे शेतकऱ्याचे. आमच्या भागातल्या एकाने मला तोंडावर सुनावले, ‘मास्तर, युरियासाठी दुकानासमोर रांगेत उभं राहायचं, आणि हे फुकटात बांधावर येतंय बगा. उसाला घातलं की काळाभोर ऊस येतोय. नको म्हणू काय?’ त्याला ‘नको म्हण’ असे सांगणे मला परवडते, कारण माझी चूल उसावर पेटत नाही. गाळात नत्र आहे, स्फुरद आहे, जमिनीला लागणारा सेंद्रिय अंश आहे. त्याचा ऊस काळाभोर येतो हे खोटे नाही. पण म्हणूनच त्याला खरे सांगण्याची जबाबदारी देणाऱ्यावर अधिक येते. ज्याला नाही म्हणणे परवडत नाही, त्याला फुकट दिलेल्या वस्तूची तपासणी दुप्पट व्हायला हवी. आपल्याकडे रीत उलटी आहे. फुकट आहे ना, मग विचारता काय?

दुसरे म्हणणे जाणकारांचे: ही रसायने मातीत विघटित होतात. होतात, काही होतात. हवा खेळती असलेल्या जमिनीत नोनिलफेनॉल काही आठवड्यांत वा महिन्यांत बरेच कमी होते. पण दर वर्षी नवी गाडी रिकामी होत असेल, तर जुने संपते आणि नवे येते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय जी मुळीच विघटित होत नाहीत त्यांचे काय? न चिकटणारे तवे, पाणी न शोषणारी कापडे, आग विझवणारा फेस यांत वापरलेली पीफास नावाची रसायने आहेत. जगभर त्यांना ‘कायमची रसायने’ म्हणतात. थायरॉइडच्या कामात त्यांतली काही लुडबुड करतात.

अमेरिकेच्या मेन राज्यात अ‍ॅरंडेल गावच्या एका गोपालकाने १९८०च्या दशकापासून २००४ पर्यंत आपल्या चराईच्या रानात गाळ पसरू दिला. राज्याचाच तो कार्यक्रम, रीतसर परवान्याचा. शेवटची गाडी रिकामी होऊन १२ वर्षे लोटल्यावर, २०१६ साली, त्याच्या विहिरीच्या पाण्यात आणि गाईंच्या दुधात ही रसायने निघाली. दूध ओतून द्यावे लागले, धंदा बसला. मग राज्याने इतरत्र शोध घेतला आणि आणखी शेते निघत गेली. २०२२ साली मेनने शेतात गाळ टाकण्यावर बंदी घातली, असे करणारे ते अमेरिकेतले पहिले राज्य, आणि बाधित शेतकऱ्यांसाठी ६ कोटी डॉलरचा निधी उभा केला.

या प्रकरणातला एक तपशील माझ्या मते सर्वांत मोलाचा आहे. मेनला ही शेते सापडली, कारण कुठल्या रानात केव्हा गाळ टाकला याच्या परवान्यांची नोंद दप्तरात होती. आपल्याकडे उद्या असे काही निघाले, तर कोणत्या दप्तरात शोधायचे? कोणत्या गाडीतला गाळ कोणत्या गावच्या कोणत्या सर्व्हे नंबरात गेला, हे सांगणारा एक कागद तरी कोणी दाखवावा. आपल्याकडे आठवण राहते ती ड्रायव्हरला, आणि तोही दोन वर्षांनी नोकरी सोडून जातो.

तिसरे म्हणणे: प्रगत देशही गाळ शेतात टाकतात, मग आम्हीच का सोवळे पाळावे? काही टाकतात, हे खरे. ब्रिटनमध्ये आजही बहुतेक गाळ शेतातच जातो. पण स्वित्झर्लंडने २००३ साली शेतातल्या वापरावर बंदीचा निर्णय केला आणि ती टप्प्याटप्प्याने अमलात आणली. जर्मनीने २०१७ च्या नियमांनुसार मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळातले स्फुरद वेगळे काढणे सक्तीचे केले, म्हणजे पिकाला हवे ते घ्यायचे आणि बाकीचे जाळायचे. अमेरिकेचे १९९३ चे नियम नऊ मूलद्रव्ये आणि जंतू यांपलीकडे फारसे जात नाहीत. पण २०१८ साली तिथल्या पर्यावरण खात्याच्याच अंतर्गत महानिरीक्षकाने लिहून ठेवले, की गाळात सापडलेल्या ३५२ प्रदूषकांच्या सुरक्षिततेविषयी खाते काही सांगू शकत नाही. पाहायचे असेल तर त्यांचा हा प्रामाणिकपणाही पाहावा. नक्कल करायची तर उत्तरपत्रिकेची करावी, नापास झालेल्याच्या पानाची कशाला?

आणि चौथे म्हणणे, जे प्रत्येक सभेत कोणीतरी उठून विचारतोच: आपल्या भागात यामुळे माणूस मेल्याचा पुरावा दाखवा. संप्रेरकांच्या बाबतीत हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण इथे अपराध एका पिढीत घडतो आणि शिक्षा दुसरीला होते. डीईएस नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन १९३८ साली इंग्लंडमध्ये तयार झाले. गर्भपात होऊ नये म्हणून अमेरिकेत ते लाखो गरोदर बायकांना १९७१ पर्यंत दिले गेले. आयांना काही झालेले दिसले नाही. त्यांच्या मुली वयात आल्यावर काहींना एक अत्यंत दुर्मिळ कर्करोग झाला, तेव्हा १९७१ साली बोस्टनच्या डॉक्टरांना धागा सापडला. पुरावा यायला एक पिढी लागली. गाळाची मात्रा आणि औषधाची मात्रा एक नव्हे, हे मला ठाऊक आहे. मी सांगतो आहे ते पुराव्याच्या वेळापत्रकाविषयी. विषाची परीक्षा नातवंडांवर पाहायची नसते.

इथे एक दुटप्पीपणा सांगितल्यावाचून राहवत नाही. युरोपने २००३ च्या निर्देशानुसार डिटर्जंटांत नोनिलफेनॉल इथॉक्सिलेट जवळजवळ बंद केले. तरी त्यांच्या गटारांत ते येतच राहिले. कुठून? आयात केलेल्या कपड्यांतून. पहिल्या धुण्यात ते सुटत होते. म्हणून फेब्रुवारी २०२१ पासून धुण्याजोग्या कापडात ते वजनाच्या ०.०१ टक्का किंवा अधिक असेल, तर तो माल तिथे विकता येत नाही. अर्थात आपल्या देशातून युरोपला जाणारा टॉवेल त्या रसायनापासून मोकळा असावाच लागतो. आणि आपल्या न्हाणीत टांगलेला? दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने भारतीय बाजारातल्या डिटर्जंटांत नोनिलफेनॉल असल्याचे दाखवून दिले, तरी आपली झोप मोडली नाही. तिकडच्या माशांसाठी आपले कारखानदार काळजी घेतात. इकडच्या माणसांसाठी घ्यायला कोणी सांगत नाही.

आता थोडे आपल्याविषयी, म्हणजे दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्यांविषयी. दुकानाची पाटी कोणत्या भाषेत, सातबारा-उतारा कोणत्या भाषेत, बसवरचे नाव कोणत्या भाषेत, यांवर आपण आयुष्य काढले, मोर्चे काढले, काहींनी लाठ्या खाल्ल्या. तो लढा मी हलका लेखत नाही. पण जी माहिती लिहिलीच जात नाही, ती कोणत्या भाषेत नाही यावर भांडणार कसे? गाळाच्या खतावर काय आहे ते मराठीत नाही, तसे कन्नडातही नाही, गुजरातीत नाही, तेलुगूतही नाही. बळ्ळारी नाल्याचे पाणी वडगावच्या मराठी शेतकऱ्याच्या आणि हलग्याच्या कन्नड शेतकऱ्याच्या शिवारात शिरताना भाषा विचारत नाही. निदान या एका मागणीसाठी तरी दोन भाषांची माणसे एका अर्जावर सह्या करू शकतील, असे मला वाटते.

मागण्या फार नाहीत. गाळाच्या प्रत्येक साठ्याची तपासणी व्हावी, आणि तीत धातू-जंतूंबरोबर नोनिलफेनॉल, थॅलेट्स, बिस्फेनॉल, ट्रायक्लोसान आणि पीफास यांचे रकाने असावेत. निकाल शेतकऱ्याच्या भाषेत, पोत्यावर किंवा गाडीच्या चलनावर छापलेला असावा. गाळ कोणत्या जमिनीत गेला याची नोंद उताऱ्याच्या जोडीने ठेवावी. तपासणीची व्यवस्था होईपर्यंत भाजीपाला, कंदमुळे आणि गुरांची चराई यांना गाळ देणे थांबवावे. तो सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतो. कारखान्याचे पाणी शहराच्या गटारात सोडणे बंद व्हावे, कारण एकदा मिसळल्यावर कोणाचे काय हे ब्रह्मदेवही सांगणार नाही. या केंद्रांत गाळ उपसणाऱ्या कामगारांना हातमोजे आणि वैद्यकीय तपासणी मिळावी. सोनखताच्या काळापासून पहिला स्पर्श त्यांचाच आहे. आणि सर्वांत आधी, उगमाशी बंदोबस्त व्हावा. अमेरिकेने २०१६ साली हातपाय धुण्याच्या साबणांत ट्रायक्लोसानला मनाई केली, कारण साध्या साबणापेक्षा ते सरस आहे हे उत्पादकांना सिद्धच करता आले नाही. साधा साबण पुरतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होते.

सरकार हे करीपर्यंत घरांनी हातावर हात ठेवून बसावे असे नाही. उरलेली औषधे संडासात ओतू नयेत, ‘जंतुनाशक’ असे ठळक लिहिलेल्या साबणाला भुलू नये. पण एवढ्याने भागेल अशी समजूत मी करून देणार नाही. मोरीतून काय जाते ते घरातली बाई ठरवत नाही, डिटर्जंटचा कारखाना ठरवतो. तिच्यावर सारा भार टाकणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

गाळ पाठवणाऱ्या अधिकाऱ्याची तीन वर्षांत बदली होते. ठेकेदाराचा ठेका संपतो. शेत कुठे जात नाही, विहीर कुठे जात नाही, आणि त्या विहिरीचे पाणी पिणारी सूनही कुठे जात नाही. म्हणून गाळाची गाडी बांधावर येईल तेव्हा शेतकऱ्याने एकच वाक्य बोलावे, मराठीत बोलावे, कन्नडात बोलावे, जी भाषा येते तीत बोलावे: ‘यात काय आहे ते लिहून द्या.’ लिहून दिले तर वाचावे, न कळले तर गावातल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्यावे. लिहून देत नसतील, तर गाडी आली त्या वाटेने परत पाठवावी.